इंजिनचं फाउंडेशन: किती घट्ट, किती मऊ?

प्रश्न : आम्ही दिग्रसचे तिघे मित्र. एकाचं गॅरेज आहे आणि तिथे जुन्या जीपचं साठ अश्वशक्तीचं डिझेल इंजिन पडून आहे. सोळा फुटी फायबरची बोट बांधायची, त्यात हे इंजिन बसवायचं आणि अरुणावती धरणाच्या पाण्यावर ती चांगली जोरात पळवायची, असा बेत आहे. घोडं अडलंय फाउंडेशनवर. एक मिस्त्री म्हणतो, "जीपचेच फाउंडेशन रबर लावू, चालतात." दुसरा म्हणतो, "रबराच्या भानगडीत पडूच नका. लोखंडी अँगलवर सरळ बोल्ट मारा, इंजिन हलायलाच नको." सर्वांत मजबूत फाउंडेशन कोणतं? — एक वाचक, दिग्रस (जि. यवतमाळ)

उत्तर : दोन्ही मिस्त्री आपापल्या अनुभवाचं बोलतायत. जीप त्या रबरांवर वर्षानुवर्षं धावलेली असते आणि विहिरीचं पाणी ओढणारं इंजिन सिमेंटच्या ओट्यावर बोल्टने आवळलेलंच असतं. बोटीत मात्र यातला कुठलाही अनुभव जसाच्या तसा कामाला येत नाही. तिथे फाउंडेशनवर येणारे जोर वेगळे असतात, म्हणून "मजबूत कोणतं" याच्या आधी "कशापुढे मजबूत" हे बघायला हवं.

जीपमध्ये चाक रस्त्याला मागे रेटतं आणि गाडीला पुढे नेणारा जोर ॲक्सल आणि पाट्यांमधून थेट चासीला मिळतो. इंजिनच्या फाउंडेशनला त्याची खबरही नसते. इंजिनचं वजन पेलायचं आणि त्याचा पीळ सोसायचा, एवढंच त्याचं काम. बोटीत पंखा पाणी मागे फेकतो. त्याचा रेटा शाफ्टवरून गिअरबॉक्सच्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो, तिथून गिअरबॉक्सच्या कवचावर, मग इंजिनवर आणि शेवटी चार फाउंडेशनांवर. सगळी बोट पुढे ढकलली जाते ती या चार फाउंडेशनांमधून.

हा रेटा किती? साठ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ४५ किलोवॉट. पंख्याची कार्यक्षमता निम्मी धरली आणि बोट सेकंदाला ८ मीटर, म्हणजे ताशी २९ किलोमीटरच्या आसपास पळते असं मानलं, तर रेटा निघतो २८०० न्यूटन. किलोच्या भाषेत सांगायचं तर २८५ किलो. बोटीच्या गिअरबॉक्ससकट तुमच्या इंजिनचं वजन २८० किलो धरू. म्हणजे चार फाउंडेशनांवर जितकं वजन उभं बसलंय, जवळपास तितकाच जोर त्यांना आडवाही, पुढच्या बाजूला, सतत ढकलतोय. जीपचा रबर या दिशेने तासन्तास रेटा खाण्यासाठी बनवलेलाच नसतो. तो पुढे वाकतो, त्याच्यासोबत इंजिन सरकतं आणि शाफ्टची सरळ रेघ बिघडते. पहिल्या मिस्त्र्याचा सल्ला इथे बाद होतो.

दुसरा जोर पिळाचा. पंख्याचा शाफ्ट एका बाजूला फिरतो तेव्हा गिअरबॉक्ससकट सगळं इंजिन उलट बाजूला कलंडू पाहतं. साठ अश्वशक्तीचं इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर सुमारे १४२ न्यूटन-मीटर टॉर्क देतं. दोनास एक गिअर असेल तर शाफ्टवर तो दुप्पट होतो, २८५ च्या घरात. डाव्या-उजव्या फाउंडेशनांत अर्ध्या मीटरचं अंतर असेल, तर एका बाजूवर ५८ किलोचा जादा दाब पडतो आणि दुसऱ्या बाजूवरून तितकाच भार उचलला जातो. तुमच्या इंजिनला हे सोसतं, कारण प्रत्येक बाजूला १४० किलो वजन बसलेलं आहे.

आता इंजिन २०० अश्वशक्तीचं आणि वजन ३५० किलो घ्या. पीळ एका बाजूने १९४ किलोने उचलतो आणि त्या बाजूला वजन आहे १७५. म्हणजे पूर्ण ताकदीवर त्या बाजूचं फाउंडेशन दबलेलं राहतच नाही, ते वर ओढलं जातं. जोरदार बोटीसाठी फाउंडेशन निवडताना पहिला प्रश्न इथूनच निघतो. ते फक्त दाब झेलतं, की ओढही झेलतं?

तिसरा जोर आपटण्याचा. वेगात असलेली बोट लाटेवरून उडते आणि पुन्हा पाण्यावर आदळते. उन्हाळ्याच्या शेवटी वारा सुटला की धरणाच्या पाण्यावरही आखूड, उभ्या लाटा येतात. खडकाळ पांदणीवरून रिकामी बंडी पळवल्यावर चाकांच्या आऱ्यांची जी गत होते, तीच इथे फाउंडेशनच्या बोल्टांची होते. आदळताना गुरुत्वाच्या चौपट झटका बसला, तर तेवढ्या क्षणापुरतं २८० किलोचं इंजिन ११०० किलोच्या वर जाऊन बसतं.

एवढं सगळं जमेस धरलं की बोटीच्या फाउंडेशनमध्ये काय बघायचं ते ठरतं. वरचा आणि खालचा धातूचा भाग एकमेकांत अडकलेला हवा, म्हणजे उद्या रबर फाटला तरी इंजिन सुटून बाहेर पडणार नाही. पुढे-मागे रेटा झेलण्याची ताठरता उभ्या ताठरतेपेक्षा जास्त हवी. रबरावर डिझेल आणि तेल ठिबकू नये म्हणून वर धातूची टोपी हवी, कारण साधा नैसर्गिक रबर तेलाने फुगतो आणि भुसभुशीत होतो. उंची कमी-जास्त करायला आट्यांचा खांब आणि दोन नट हवेत. गाडीच्या फाउंडेशनमध्ये या चारही गोष्टी एकत्र सापडत नाहीत. मरीन फाउंडेशनमध्ये सापडतात, आणि किंमत जास्त असते ती यामुळेच.

प्रश्न : मरीन रबर घ्यायचे ठरले तर मग सर्वांत कडक घ्यायचे ना? — हेच वाचक

उत्तर : नाही. सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

रबर हा एक स्प्रिंग आहे. इंजिन त्यावर बसलं की त्या जोडीची स्वतःची अशी एक डोलण्याची गती ठरते. ती काढायला महागडं यंत्र लागत नाही. इंजिन ठेवल्यावर रबर किती मिलिमीटर दबला ते मोजा, त्याचं वर्गमूळ काढा आणि १५.८ ला त्याने भागा. उत्तर हर्ट्झमध्ये येतं. रबर अडीच मिलिमीटर दबला तर डोलण्याची गती १० हर्ट्झ. अर्धाच मिलिमीटर दबला तर २२ हर्ट्झ. हलताना रबर थोडा जास्त ताठ वागतो, म्हणून प्रत्यक्षातला आकडा याच्या किंचित वर धरावा.

आता इंजिनकडे या. चार सिलिंडर, चार स्ट्रोकचं इंजिन एका फेरीत दोन ठोके देतं. आयडलला ८०० फेऱ्या असतील तर सेकंदाला जवळपास २७ ठोके, म्हणजे २७ हर्ट्झ. यंत्रशास्त्राचा नियम असा की इंजिनच्या ठोक्यांची गती फाउंडेशनच्या डोलण्याच्या गतीच्या किमान १.४१ पट असेल, तेव्हाच रबर थरथर अडवू लागतो. त्याच्या खाली तो ती वाढवतो. मऊ रबराला २७ भागिले १० म्हणजे २.७ पट, उत्तम. कडक रबराला २७ भागिले २२ म्हणजे १.२ पट. काठावर लागताना, हळू चालताना तुमचं कडक फाउंडेशन थरथर वाढवून फायबरला देत राहील. नळ्यांचे जोड ढिले पडतील, वायरी घासतील, डिझेलच्या पाइपला बारीक तडे जातील. फाउंडेशन मात्र शाबूत दिसेल.

फार मऊ घेतलं तर उलटा त्रास होतो. इंजिन बंद करताना ते थडाथडा हलतं, आणि पूर्ण ताकदीवर रेट्याने पुढे सरकतं. तेव्हा मधलं माप धरायचं. वजनाने दोन ते तीन मिलिमीटर दबेल आणि पुढे-मागे मात्र फारसं हलणार नाही, असं.

इथे वजनाची वाटणी कळीची आहे. २८० किलोला चारने भागून प्रत्येकी ७० किलोचे चार सारखे रबर आणले, तर मागचे रबर जास्त दबतात आणि इंजिन तिरपं बसतं. मागे गिअरबॉक्सचं वजन असतं. समजा पुढच्या आणि मागच्या फाउंडेशनांत ७० सेंटिमीटर अंतर आहे आणि एकूण भाराचा मध्य मागच्या फाउंडेशनपासून २८ सेंटिमीटरवर आहे. मग पुढच्या जोडीवर ४० टक्के, म्हणजे ११२ किलो. मागच्या जोडीवर १६८. पुढचा रबर ५६ किलोचा आणि मागचा ८४ चा. दोन्ही सारखेच दबावेत म्हणून मागचा तितक्या पटीने ताठ घ्यायचा. रबराच्या अंगावर कठीणपणाचा आकडा असतो, ४५, ५५, ६५ असा. आकडा मोठा तितका रबर कडक. एकाच साच्यातल्या फाउंडेशनांमध्ये हाच आकडा बदलून वेगवेगळी वजनं पेलली जातात.

वजन मोजणं तुम्हाला अवघड नाही. गॅरेजमध्ये चेन कुप्पी असेलच. दिग्रस कापसाचं गाव, लटकता काटा उसना मिळायला अडचण पडू नये. गिअरबॉक्स जोडून इंजिन आडवं उचला. आधी फक्त पुढचं टोक काट्याला टांगा, मागचं टोक ठोकळ्यावर मागच्या फाउंडेशनच्या जागी टेकवा आणि आकडा लिहून घ्या. मग उलट करा. दोन्ही आकड्यांची बेरीज एकूण वजनाशी जुळली की मापं बरोबर. हे केल्याशिवाय रबराची ऑर्डर देऊ नका.

रबरावर इंजिन बसवायची कल्पना गाड्यांमध्ये गाजली ती १९३१ साली, अमेरिकेतल्या प्लिमथ गाडीमुळे. तिच्या चार सिलिंडर इंजिनची थरथर प्रवाशांना नकोशी व्हायची. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी फाउंडेशनच्या जागाच बदलल्या. इंजिनला ज्या अक्षाभोवती डोलायचं असतं, त्या अक्षाच्या रेषेवर पुढे उंच आणि मागे खाली असे आधार दिले. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये सित्रोएननेही ती पद्धत घेतली. तेव्हा रबर तर होताच, त्याची जागा नव्याने शोधली. तुम्हीही फाउंडेशनचे कान इंजिनच्या तळाशी न लावता, जमेल तितके शाफ्टच्या रेषेच्या उंचीजवळ आणा. रेटा त्याच उंचीवर येतो, म्हणून इंजिन पुढे-मागे डुलत नाही.

प्रश्न : फाउंडेशनखाली सागवानाचे ठोकळे टाकायचे आणि लांब स्क्रूने आवळायचे ठरवलंय. सागवान आमच्या भागात मिळतं. पुरेल? — हेच वाचक

उत्तर : यवतमाळ जिल्ह्याचं सागवान टिकाऊ आहे, याबद्दल वाद नाही. अडचण चिकटण्याची आहे. सागात नैसर्गिक तेल असतं, म्हणूनच ते पाण्यात कुजत नाही. त्याच तेलामुळे फायबरचं रेझिन त्याला नीट धरत नाही. साग वापरायचाच तर चिकटवण्याच्या अगदी आधी पृष्ठभाग ताजा रंधून किंवा घासून, ॲसिटोनने पुसून घ्या आणि पॉलिएस्टरऐवजी इपॉक्सी वापरा. त्यापेक्षा आयएस ७१० प्रतीचा मरीन प्लाय थरावर थर चिकटवून केलेला बेड फायबरला जास्त चांगला धरतो.

ठोकळे ही कल्पना मात्र सोडा. चार ठोकळे म्हणजे चार टोकदार जागा. आदळल्यावर सगळा भार त्या चार जागी एकवटतो आणि ठोकळ्यांच्या कडेला फायबर तडकतो. बोटीत इंजिनखाली दोन लांब आडणे हवेत, तळाला धरून पुढून मागे धावणारे. इंजिन संपलं की आडणा संपला, असं नको. मागे ट्रान्समपर्यंत, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या फळीपर्यंत, आणि पुढे जमेल तितका लांब न्या. टोक एकदम कापू नका, उतरतं करा. दोन्ही आडणे आडव्या पट्ट्यांनी एकमेकांना बांधा, नाहीतर पिळाने ते आत-बाहेर वाकतील.

आता बोल्ट. लाकडात घुसवलेला स्क्रू सतत हलणाऱ्या भाराखाली आपली भोकं मोठी करत जातो. फाउंडेशन नेहमी आरपार बोल्टवर बसवा, किंवा आडण्याच्या वरच्या भागात फायबरच्या थरांखाली जाड धातूची पट्टी गाडून तिच्यात आटे पाडा. आडण्याच्या आतल्या बाजूने लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा लांब अँगल आरपार बोल्टांनी बांधून त्याच्या पाटीवर फाउंडेशन ठेवलं तर आणखी चांगलं. भार दोन बोल्टांऐवजी आठ-दहा बोल्टांत वाटला जातो. तुमच्या दुसऱ्या मिस्त्र्याचा अँगल इथे कामी येतो, फक्त त्याच्या आणि इंजिनच्या मध्ये रबर असतो.

भोक पाडताना एक काम चुकवू नका. बोल्टच्या जाडीपेक्षा मोठं भोक पाडा, ते इपॉक्सीने पूर्ण भरा, सुकू द्या आणि मग त्यात बोल्टच्या मापाचं भोक पाडा. लाकूड कुजतं ते या भोकांतून. बाहेरून फायबर चकचकीत दिसतो, आत लाकडाचा भुगा झालेला असतो आणि नट कितीही आवळला तरी फिरतच राहतो. जुनी बोट विकत घेताना फाउंडेशनचा नट आवळून बघावा तो याचसाठी.

धरणाच्या गोड्या पाण्यात ३०४ प्रतीचं स्टेनलेस चालतं. समुद्रात ३१६ लागतं. ॲल्युमिनियमच्या अँगलला स्टेनलेसचा बोल्ट लावला तर मध्ये नायलॉनचा वॉशर किंवा सीलंट द्या, कारण दोन वेगळे धातू ओले राहिले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

प्रश्न : आमच्याकडे मासेमारी नौकांमध्ये इंजिन सरळ लाकडी बेडवर बोल्टने बसवतात. रबर नसतो, तरी वर्षानुवर्षं चालतात. मग रबराचं एवढं स्तोम कशाला? — एक वाचक, हर्णे (ता. दापोली)

उत्तर : तुमच्याकडे ते बरोबर आहे. लाकडी नौका जड असते, वेग थोडा असतो, तळाचं लाकूड जाड असतं आणि ते स्वतःच बरीचशी थरथर गिळतं. इंजिनच्या वजनापेक्षा बेड आणि नौकेचं लाकूड कितीतरी पटीने जड असलं की कंपनं फार दूर जात नाहीत. विहिरीवरच्या इंजिनला सिमेंटचा ओटा लागतो तो याच हिशेबाने. शिवाय इंजिन पक्कं बसलेलं असलं की लांब शाफ्ट, स्टर्न ट्यूब (शाफ्ट जिच्यातून बोटीबाहेर जातो ती नळी) आणि पंखा एका रेघेत राहतात. रबर घातला तर शाफ्टला लवचीक कपलिंगही लागतं. ते न घालता फक्त रबर घातला, तर शाफ्ट स्टर्न ट्यूबमध्ये घासतो.

तुमच्या नौकेत दिग्रसच्या वाचकांनी शिकण्यासारखं एक काम दर दुरुस्तीला होतं, ते म्हणजे शाफ्टची रेघ जुळवणं. गिअरबॉक्सचं आणि शाफ्टचं कपलिंग समोरासमोर आणायचं आणि फीलर गेज फटीत घालून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे मोजायचं. १०० मिलिमीटर व्यासाच्या कपलिंगला चारही जागच्या फटींत ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. हे मोजमाप बोट पाण्यात असताना करायचं, कारण जमिनीवरच्या ठोकळ्यांवर ठेवलेल्या बोटीचा आकार वेगळा असतो. रबरावरचं इंजिन पहिले काही दिवस खाली बसत जातं, म्हणून ते रबरावर ठेवून थोडे दिवस थांबा आणि मग शेवटची रेघ जुळवा. पंचवीसेक तास चालल्यावर पुन्हा एकदा तपासा.

प्रश्न : शर्यतीच्या बोटींत इंजिन कसं बसवतात? तिथे रबर असतो का? — एक वाचक, पुणे

उत्तर : शर्यतीच्या बोटींचे दोन प्रकार बघा. बोटीच्या पोटात इंजिन असलेल्या शर्यतीच्या बोटींमध्ये अनेकदा रबर काढून टाकतात. इंजिनच्या पुढे-मागे जाड ॲल्युमिनियमच्या पाट्या लावून ते थेट आडण्यांना जखडतात. तिथे आयडलवर रेंगाळायचं नसतं, आरामाची कोणाला फिकीर नसते, इंजिन नेहमी वरच्या फेऱ्यांवर असतं आणि प्रत्येक शर्यतीनंतर सगळे बोल्ट तपासणारं पथक हाताशी असतं. ही व्यवस्था हौशी माणसाने उचलायची नाही. आवळलेलं इंजिन चालवायचं तर बोटीचा सांगाडा त्या दणक्यांसाठी बांधलेला लागतो आणि तपासणी तितकीच कडक लागते.

दुसरा प्रकार महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिलाय. २०१७ च्या मार्चमध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पी-वन पॉवरबोटींची शर्यत झाली. त्या बोटींच्या मागे २५० अश्वशक्तीची आउटबोर्ड इंजिनं होती. आउटबोर्डमध्ये रबर इंजिनच्या मधल्या खांबातच बसवलेले असतात, वर एक जोडी आणि खाली एक जोडी. खालची जोडी पंख्याच्या जवळ असल्याने रेटा तीच जास्त झेलते. म्हणून वेगाचा नाद असलेली मंडळी खालचे रबर कडक घेतात आणि वरचे मऊ ठेवतात. फाउंडेशन बोटीत शोधायचं नसतं, ते इंजिनसोबतच येतं. बोटीची कसोटी लागते ती ट्रान्समवर.

पंखा खाली पाण्यात पुढे रेटतो, म्हणून इंजिनला ट्रान्समवर धरणाऱ्या ब्रॅकेटचा खालचा भाग ट्रान्समवर दाबला जातो आणि वरचे बोल्ट मागे ओढले जातात. वरच्या आणि खालच्या बोल्टांत २५ सेंटिमीटर अंतर असेल आणि पंखा खालच्या बोल्टांच्या ४५ सेंटिमीटर खाली असेल, तर वरच्या बोल्टांवर रेट्याच्या १.८ पट ओढ येते. आतून लहान वॉशर लावला तर तो प्लायमध्ये रुततो. आतल्या बाजूला पूर्ण रुंदीची धातूची पट्टी हवी ती यासाठी.

आणखी एक गोष्ट, मोठ्या किमतीने शिकवलेली. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात नौदलाची एक वेगवान बोट इंजिनची चाचणी घेत असताना ताबा सुटून एलिफंटाकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली. डझनाहून अधिक माणसं दगावली. इंजिनात बिघाड झाल्याचं नौदलाने सांगितलं. तिथे फाउंडेशनचा काही दोष होता, असं मला सुचवायचं नाही. पण नवं किंवा नव्याने बसवलेलं इंजिन पहिल्यांदा पूर्ण ताकदीवर न्यायचं तर आसपास दुसरी बोट, पोहणारे किंवा जाळी टाकलेले मासेमार नसावेत, हा नियम प्रत्येकाने पाळावा. चालवणाऱ्याच्या मनगटाला किल स्विचची दोरी बांधलेली असावी, म्हणजे माणूस फेकला गेला तरी इंजिन बंद पडेल.

प्रश्न : मग आम्ही करावं तरी काय? इंजिन तर आयतं मिळतंय. — पुन्हा दिग्रसचे वाचक

उत्तर : आयतं मिळालेलं इंजिन हा या बेतातला सगळ्यात स्वस्त भाग आहे, आणि फसगत तिथेच होते. जीपचा गिअरबॉक्स बोटीत चालत नाही. त्यात पंख्याचा रेटा झेलणारं बेअरिंग नसतं. म्हणजे मरीन गिअरबॉक्स आला, शाफ्ट, स्टर्न ट्यूब, लवचीक कपलिंग, थंड करणारी पाण्याची यंत्रणा, पाण्याने भिजवलेला सायलेन्सर आणि चार मरीन फाउंडेशनं आली. वर २८० किलो वजन सोळा फुटांच्या बोटीत. एवढा खर्च करूनही ती बोट फार पळणार नाही.

त्यापेक्षा आउटबोर्ड घ्या. बचाव पथकं ज्याला ओबीएम म्हणतात, तेच. आपल्या जिल्ह्याला त्याची ओळख पुरातून झाली आहे. २०२३ च्या जुलैत महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पाण्याने वेढलं तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली होती. एरवी पुरात माणसं काढण्याचं काम बहुतेक वेळा रबरी बोट आणि तिच्या मागचं ओबीएमच करतं. चाळीस अश्वशक्तीचं आउटबोर्ड तुमच्या जीपच्या इंजिनपेक्षा कितीतरी हलकं असतं. रबर आत बसवलेले येतात, शाफ्टची रेघ जुळवायची नसते, आणि बिघडलं तर उचलून गॅरेजमध्ये आणता येतं.

ट्रान्सम मात्र नीट बांधा. आयएस ७१० चा १९ मिलिमीटर प्लाय दोन थरांत इपॉक्सीने चिकटवा, म्हणजे ३८ मिलिमीटर जाडी होते. दोन्ही कोपऱ्यांत त्रिकोणी आधार द्या आणि ट्रान्सम तळाच्या आडण्यांना बांधा. इंजिन शॉर्ट शाफ्ट असेल तर ट्रान्समची उंची १५ इंच, लाँग शाफ्ट असेल तर २० इंच. हे आधी ठरवा, मग प्लाय कापा. लहान इंजिनं हाताने फिरवायच्या क्लॅम्पवर बसतात. ते पहिल्या दहा मिनिटांनी पुन्हा आवळा आणि इंजिन बोटीला साखळीने बांधून ठेवा. चाळीसच्या इंजिनला आरपार बोल्टच वापरा. प्रत्येक नटावर आणि पाटीवर मिळून एक रंगाची रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट सरकला. रबराखाली काळी भुकटी दिसली की रबर घासतोय. या दोन खुणा दर वेळी पाण्यात उतरण्याआधी बघा.

आणि कागदपत्रं. धरणाचं पाणी जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत असतं, तेव्हा तिथे यांत्रिक बोट उतरवायला आधी परवानगी काढा. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आता अंतर्देशीय जलयानांचा २०२१ चा कायदा आहे आणि इंजिनवर चालणाऱ्या बोटीला तपासणी आणि नोंदणी लागते. राज्यात त्याचं काम महाराष्ट्र सागरी मंडळ बघतं. बोट बांधायला घेण्याआधीच चौकशी करा, बांधून झाल्यावर नको.

तुम्ही विचारलं होतं, सर्वांत मजबूत फाउंडेशन कोणतं. ज्याचा भार मोजून ठरवलाय, जे ओढ आणि रेटा दोन्ही झेलतं आणि ज्याच्या खालचा बेड त्याच्याहून भक्कम आहे, ते. पैसा आधी बेडवर किंवा ट्रान्समवर घाला, मग फाउंडेशनवर, आणि उरला तरच अश्वशक्तीवर. बोटीत जितकी माणसं, तितकी लाइफ जॅकेटं मात्र या सगळ्याच्या आधी विकत घ्या.